हमीदभाई, तुमच्या दुधात पाणी नव्हतं

हमीदभाई,

तुमच्या मयतीला मी आलो होतो. जनाजा गल्लीतून निघाला तेव्हा दहा पावलं खांदा दिला. मग गुडघ्यानं ऐकलं नाही आणि कुणीतरी मला हळूच बाजूला केलं. माती द्यायला मात्र पोचलो. सगळं आटोपल्यावर कब्रस्तानच्या फाटकापाशी रिक्षाची वाट बघत उभा होतो, तर तुमच्या गल्लीतला एक म्हातारा शेजारी येऊन थांबला. म्हणाला, "माणूस लई भला होता, साहेब. ते एक दुधाचं सोडलं तर."

मी मान हलवली.

तुमच्यावरची माती अजून ओली होती आणि मी मान हलवली. 'हो' म्हणालो नाही, 'नाही' म्हणालो नाही. तीस वर्षं जशी हलवत आलोय तशीच हलवली. रिक्षा आली, बसलो, सिडकोत घरी आलो, आंघोळ केली. तेव्हापासून माझं एका जागी बसणं बंद झालंय. पेपर उघडतो, मिटतो. फाटकापर्यंत जातो, परत येतो. सुमन विचारते, "अहो, काय हरवलंय तुमचं?" मी म्हणतो, "चष्मा." चष्मा डोळ्यांवरच असतो.

म्हणून लिहायला बसलो. मला असलं लिहायची सवय नाही, मी आयुष्यभर पंचनामे लिहिले. त्यामुळे कुठं कोरडं वाटलं तर समजून घ्या. आणि हे तुम्हाला उद्देशून असलं तरी चार लोकांनी वाचावं म्हणून लिहितोय, त्यामुळे तुम्हाला ठाऊक असलेलंही थोडं सांगावं लागेल.

मी अन्न निरीक्षक होतो. दूध, खवा, मिठाई, तेल, हातगाड्यांवरचं खाणं, या सगळ्यांचे नमुने घ्यायचे, प्रयोगशाळेत पाठवायचे, नापास आले तर खटला भरायचा, हे माझं काम. शहरात माझी ख्याती दोन गोष्टींसाठी होती. एक म्हणजे मी कुणाचा फुकटचा चहा पीत नसे. दुसरी म्हणजे मला लांबून बघून दूधवाले कॅन गटारात ओतत. दोन्हींचा मला अभिमान होता. दुसऱ्या गोष्टीचा जरा जास्तच.

ती सकाळ तुम्ही मला शंभर वेळा तरी ऐकवली असेल, कधी हसत, कधी चिडून. माझ्या तोंडून मात्र कधी ऐकली नाहीत. आता ऐका.

मुकुंदवाडी स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका कडुलिंबाखाली तुमची सायकल उभी असायची, कॅरियरला दोन्हीकडून एकेक कॅन. घरामागच्या गोठ्यात तुमच्या सहा म्हशी. धार काढून उजाडायच्या सुमाराला तुम्ही झाडाखाली यायचात. मी पोचलो तेव्हा साडेदहा होत आले होते. एक कॅन रिकामा होता, दुसरा निम्मा. त्या कॅनला तळाशी तोटी होती. हॉटेलवाल्यांना भराभर दूध देता यावं म्हणून तुम्ही ती बसवून घेतली होती. घरगुती गिऱ्हाइकाला मात्र तुम्ही तोटीचं दूध देत नव्हतात. माप आत बुडवून, चारदा वरखाली करून मगच भरायचात. हे मला माहीत होतं. येताजाता मी ते पाहिलेलं होतं.

त्या वेळी तुम्ही समोरच्या हॉटेलात हिशेब करायला गेला होतात. मला सायकलपाशी बघून पळत आलात. आणि मी ओरडलो, "कॅनला हात लावायचा नाही!"

त्याला एक कारण होतं. आदल्याच आठवड्यात दुसऱ्या एका दूधवाल्यानं 'ढवळून देतो साहेब' म्हणत कॅनला हात घातला होता आणि लाथ मारून कॅन आडवा केला होता. सगळं दूध माझ्या बुटांवरून गटारात. ऑफिसात त्यावरून माझी पुष्कळ चेष्टा झाली. तो राग मी तुमच्यावर काढला. त्याचा तुमच्याशी काय संबंध होता? काही नाही.

"नाय लावत हात," तुम्ही म्हणालात. "तुम्ही स्वतः ढवळा. सकाळपास्नं उभंय दूध, साब. साय वर आलीय. खालनं काढलं तर पातळच येणार."

"मला शिकवतोस?" तेव्हा मी तुम्हाला अरे-तुरे करायचो.

"शिकवत नाय, साब. हे तर माझ्या म्हशीला बी ठावं हाय."

आजूबाजूला उभे असलेले पाच-सात जण हसले. हमीदभाई, त्या हसण्यापर्यंत मी कदाचित ढवळलं असतं. हे मी आज प्रामाणिकपणे सांगतो. बाटल्यांच्या पेटीत लांब दांड्याचा चमचा होता, माझा हात त्याच्याकडे गेलाही होता. पण लोक हसले, आणि मी वाकून तोटी सोडली. दूध माझ्या भांड्यात पडताना तुम्ही कपाळाला हात लावलात.

नमुना घेण्याआधी दूध तळापासून ढवळून एकजीव करायचं, हा आमच्या कामातला पहिला धडा. उभ्या दुधातला स्निग्धांश वर जातो, खाली पातळ राहतं. यात काही विद्या नाही. चहाला दूध घेताना आमची सुमन पातेलं ढवळून घेते. मी ते रोज बघायचो आणि तरीही तसं केलं.

मग तीन बाटल्या भरल्या, दूध नासू नये म्हणून औषधाचे थेंब टाकले, लाखेची सीलं केली. पंच म्हणून कोपऱ्यावरच्या पानटपरीवाल्याला बोलावलं. त्यानं पान लावता लावता सही केली, त्यानं काही पाहिलं नव्हतं. आणि पंचनामा. आमचे पंचनाम्याचे कागद आधीच छापलेले असायचे, नुसत्या गाळलेल्या जागा भरायच्या. त्यात एक ओळ छापलेलीच होती: विक्रेत्यासमक्ष दूध चांगले ढवळून, एकजीव करून नमुना घेतला. ते वाक्य मी लिहिलं नाही. मी ते खोडलंही नाही.

तुम्ही ते वाचलंत. "ह्ये खोटं हाय."

"सही कर. नाही केलीस तर सरकारी कामात अडथळा म्हणून वेगळं लावीन."

तुम्ही उर्दूत सही केलीत आणि तिच्याखाली मराठीत काहीतरी लिहायला लागलात. मी कागद ओढला. 'ढव' एवढी दोन अक्षरं उमटली होती, पुढं पेनाची लांब रेघ. तो कागद कोर्टात गेला. तुमच्या वकिलानं विचारलं, हे काय आहे? मी म्हणालो, विक्रेत्याचा हात थरथरला असावा.

अहवाल आला तो मी माझ्या टेबलावर वाचला. आता जे सांगतोय ते तुम्हाला मी कधीच सांगितलं नाही. दुधात पाणी घातलं तर त्यातलं सगळंच कमी होतं, स्निग्धांशही आणि बाकीचा घन भागही. तुमच्या नमुन्यात फक्त स्निग्धांश कमी होता. बाकी सगळं पुरेपूर. म्हणजे त्यात पाण्याचा थेंब नव्हता. साय काढून विकायची तुमची रीत नव्हती, हे सगळ्या मुकुंदवाडीला ठाऊक होतं. तो अहवाल मला एकच गोष्ट ओरडून सांगत होता: साहेब, तुम्ही ढवळलं नाही. मी दोन मिनिटं तो कागद हातात धरून बसलो. मग त्यावर 'खटल्यास योग्य' असं लिहिलं आणि पुढं पाठवला.

त्या आठवड्यात एक वार्ताहर आमच्याकडं बातमीसाठी आला होता. दूधभेसळीविरुद्धची मोहीम जोरात चालू होती. मी तुमचं नाव दिलं. त्यानं छापलं, 'दुधात पाणी. मुकुंदवाडीच्या विक्रेत्यावर कारवाई.' पाणी हा शब्द माझा नव्हता, पण तो वाचून मी त्याला फोन केला नाही. माझंही नाव बातमीत होतं. सुमननं ते कात्रण कापून ठेवलं होतं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांना नाही. गिऱ्हाईक तुटलं आणि दोन वर्षांत तुमच्या सहा म्हशी विकल्या गेल्या, एकेक करून. तुमची लेक नसरीन तेव्हा तिसरीत होती. तिला शाळेत पोरी 'पाणीवाल्याची' म्हणायच्या. खटला अकरा वर्षं चालला. मी साक्षीला उभा राहिलो. वकिलानं विचारलं, "शपथेवर सांगा, दूध ढवळलं होतं?" मी म्हणालो, "होय." न्यायाधीशांनी माझ्याकडं पाहिलं, आणि त्यांच्या नजरेत विश्वास होता. मी पैसे खात नाही, हे त्यांनाही कुणीतरी सांगितलं असणार. त्या एका गोष्टीच्या जोरावर माझं खोटं खपलं.

शेवटी तुम्ही सुटलात ते आमच्या कागदपत्रातल्या एका चुकीमुळं. खटला भरायच्या मंजुरीच्या पत्रात काहीतरी राहिलं होतं. निकाल ऐकून मला मनातून बरं वाटलं, हे खरं. वाटलं, चला, संपलं. पण कोर्टाच्या पायऱ्यांवर तुम्ही मला गाठलंत. तुमच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"साब, मेरेकू छोड्या," तुम्ही म्हणालात. "दूधकू नई छोड्या."

आणि तसंच झालं. गल्लीत लोक म्हणायला लागले, हमीदनं वरपर्यंत काहीतरी पोचवलं, सुटला. सुटका झाल्यानं तुमचं नाव आणखीच खराब झालं.

तोपर्यंत तुमची गाडी सुरू झाली होती. त्याच कडुलिंबाखाली, पण आता चहाची. फक्त काळा चहा, आलं, लिंबू, खारी. दूध नाही. लोक दुधाचा चहा मागायचे आणि तुम्ही हात जोडून पुढची गाडी दाखवायचात. मी एकदा ड्यूटीवर असताना आलो, तर तुम्ही मोठ्यांदा म्हणालात, "या साब, या! ह्यात पाणी हाय. कबूल करतो. भरा बाटल्या." सगळी गाडी हसली. मीही हसलो. मला दुसरं काय करता येत होतं?

निवृत्त झालो आणि त्या दिवसापासून रोज सकाळी तुमच्याकडं यायला लागलो. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. सिडकोतून मुकुंदवाडीला चहाला कोण येतं? पहिल्या दिवशी तुम्ही मला बघून आधी हातातले कप धुऊन ठेवलेत. मग फडक्यानं बाक पुसलात आणि म्हणालात, "बसा. आता तुमच्याकडं बाटल्या नायत ना?"

सोळा वर्षं. त्या बाकावर मी सोळा वर्षं बसलो, हमीदभाई. आणि तिथं बसून मी माझं स्वतःचं काम शिकलो, जे मला नोकरीत आलं नव्हतं. तुमच्या गाडीवर पाण्याचं पिंप झाकलेलं असायचं, तोटीखाली वेगळी बादली, कप दोन पाण्यांतून काढून उन्हात पालथे. शेजारचा पाणीपुरीवाला कोपरापर्यंत हात घालून पाणी ढवळायला लागला की तुम्ही इथून ओरडायचात, "अरे बाबा, आधी नखं काढ! साहेब रिटायर झाले म्हणून जंतू बी रिटायर झाले का?" तो म्हणायचा, "चाचा, आजवर कुणाला काही झालं नाही." तुम्ही म्हणायचात, "झालं ते तुला सांगायला येतंय व्हय? ते घरी झोपतंय, पोट धरून." पुढं त्यानं लांब दांड्याचा पळा घेतला. मी नोटिसा काढकाढून जे झालं नव्हतं, ते तुमच्या टोमण्यांनी झालं. दर पावसाळ्याआधी तुम्ही मला विचारायचात, टाकीच्या पाण्यात औषध किती टाकायचं? आणि मग ते अख्ख्या ओळीला सांगायचात, जणू तुमचंच खातं होतं.

तपासणी हवी की नको यावर आपलं भांडण कधी झालं नाही. मी खोटं दूध पाहिलेलं आहे, साबणाचं, पावडरचं. ते पिऊन पोरं दवाखान्यात गेलेली पाहिली आहेत. तुम्हीही म्हणायचात, "तपासणी पायजेच, साब. कडक पायजे. पण आमचा नमुना तुम्ही घेता. तुमचा कोण घेतो?" मी चहात लिंबू पिळत बसायचो.

भांडण एकाच गोष्टीवर व्हायचं. दर महिना-दीड महिन्यानं तुम्ही विचारायचात, कधी कप धुता धुता, कधी बोलता बोलता मध्येच. "साब, खरं सांगा. ढवळलं होतं?" मी म्हणायचो, "पंचनाम्यात आहे ते खरं." तुम्ही म्हणायचात, "व्हय, छापील खरं." आणि विषय बदलायचात. तुम्ही मला प्रत्येक वेळी दार उघडून देत होतात आणि मी प्रत्येक वेळी ते लोटत होतो.

एकदा आपण पैठणला गेलो होतो, एसटीनं, धरण बघायला. पाणी भरलं होतं म्हणून. येताना स्टँडजवळ एका दुकानात कढईत दूध आटत होतं. तुम्ही बाहेरूनच वास घेऊन म्हणालात, "गाय आणि म्हैस, मिसळलेलं हाय, पण दूध चांगलं." दुकानदार खूष झाला. त्यानं आपल्याला ग्लास भरायला घेतले, तर तुम्ही त्याच्या हातातला झारा घेतलात आणि तळापासून दूध हलवलंत, सावकाश, दोन-तीनदा. काही बोलला नाहीत. माझ्याकडं बघितलंही नाहीत. परतीच्या एसटीत मी खिडकीशी होतो. वाटेतलं बिडकीन गेलं, आणि मी ठरवलं, आता सांगायचं. तुम्ही डुलकी घेत होतात. मी म्हटलं, उठले की सांगू. शहर आलं तेव्हा तुम्ही उठलात आणि विचारलंत, "गुडघा कसाय?" मी म्हणालो, "बरा आहे."

आता ते सांगतो ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहिलं.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. नसरीनला दूध-दह्याचं दुकान काढायचं होतं. तिनं दोन वर्षं एका डेअरीत काम केलं होतं, शीतपेटी कुठं मिळते, नोंदणी कशी करायची, सगळं तिला माहीत होतं. तुम्ही ऐकायला तयार नव्हतात. "आपल्या घरातनं दूध विकायचं नाय." ती माझ्याकडं आली. "चाचा, तुम्ही सांगा अब्बांना. तुमचं ऐकतात ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवर गिऱ्हाईक नव्हतं. नसरीन बाकावर माझ्या शेजारी बसली होती. तुम्ही स्टो बंद केलात, हात पुसलेत आणि आमच्या समोर उभे राहिलात. त्या दिवशी तुमच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"साब, तुम्ही म्हणाल तसं करतो. एकच सांगा. माझ्या दुधात पाणी होतं का नव्हतं? नव्हतं म्हणा. उद्या पोरीला दुकान काढून देतो. कुणी काय म्हणलं तर मी सांगीन, साहेब स्वतः म्हणले."

ती माझ्याकडं बघत होती. तुम्ही बघत होतात. एक शब्द सांगायचा होता. मला निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, तो खटला कुणाच्या लक्षातही नव्हता, माझं कुणी काहीही वाकडं करणार नव्हतं. आणि मला काय आठवावं? ते कात्रण. आणि माझ्या निरोप समारंभात आमच्या वरच्या साहेबांनी केलेलं भाषण, की या माणसानं कधी खोटा कागद केला नाही.

मी म्हणालो, "हमीदभाई, जुनं कशाला उकरता? अहवाल तो अहवाल."

तुम्ही मान डोलावलीत. "बराबर," म्हणालात. स्टो पुन्हा पेटवलात. नसरीन उठून गेली.

त्यानंतर तुम्ही मला ते पुन्हा कधी विचारलं नाहीत. सहा वर्षांत एकदाही नाही. आणि हमीदभाई, मला त्याचं बरं वाटलं. पहिले काही महिने तर मी खूष होतो, की चला, ह्यांनी तो विषय सोडला. नमुना घेतला तेव्हा मी चिडलेला होतो, साक्ष दिली तेव्हा नोकरीत होतो. ह्या वेळी माझ्याकडं काहीच सबब नव्हती.

दवाखान्यात तुम्हाला भेटायला आलो तेव्हा तुमच्या नाकाला नळी होती. नसरीन औषधं आणायला खाली गेली होती. मी स्टूल जवळ ओढलं. मी तुमचं नाव घेतलं. तुम्ही डोळे उघडलेत आणि नळीच्या आडून म्हणालात, "चहा घेतला?" मी म्हणालो, "घेतला." घेतला नव्हता. मग नर्स आली आणि वेळ संपली म्हणाली. मला वाटलं, परवा येऊ. तुम्हाला परवा नव्हता.

दफनानंतर दहाव्या दिवशी मी तुमच्या घरी गेलो. नसरीननं खुर्ची दिली, पाणी दिलं. मी पाणी न पिता सगळं सांगितलं, तोटी, पंचनाम्यातली ओळ, अहवालातले आकडे, साक्ष. आणि सहा वर्षांपूर्वीची ती सकाळ. ती भिंतीला टेकून उभी होती. मला वाटलं रडेल, किंवा मला बाहेर काढेल. तिनं विचारलं, "अहवाल आला तेव्हाच तुम्हाला कळलं होतं?"

"त्याच दिवशी."

"मी तिसरीत होते तेव्हा."

"हो."

तिनं माझा न प्यालेला ग्लास उचलून ठेवला. मग म्हणाली, "मला कशाला सांगता? मला तर माहीतच होतं. मी अब्बांना धार काढताना बघितलंय. मला कधी शंका होती का?"

"मग काय करू?"

"पेपरात नाव छापून आलं होतं ना? मग छापूनच येऊ द्या. मी दुकानाचा अर्ज भरलाय. अब्बांचं नाव देणार आहे पाटीवर. पाटी लागल्यावर कुणी येऊन 'पाणीवाला' म्हणायच्या आधी हे छापून यायला पायजे."

"लोक माझं ऐकतील?"

"तेव्हा ऐकलं की," ती म्हणाली.

मी उठलो. दारात मी तिला म्हणालो, बेटा, माफ कर. ती म्हणाली, "ते मला मागू नका. माझ्याकडं नाय ते."

म्हणून हे. माझं नाव, माझा पत्ता, माझा त्या वेळचा हुद्दा, सगळं मी संपादकांना दिलं आहे, कुणाला खात्री करायची असेल तर करावी. यावरून कुणी मला शिक्षा देणार असेल तर द्यावी. मला ती टाळायची नाही. त्या कात्रणाला मी आणखी एक काम लावलं आहे. ते या मजकुराबरोबर पाठवतोय, म्हणजे नाव तेच आहे याबद्दल कुणाला संशय राहू नये. त्या दिवशी मुकुंदवाडीच्या कडुलिंबाखाली विकायला ठेवलेलं हमीदभाईंचं दूध अस्सल होतं. नमुना मी न ढवळता तोटीतून घेतला. शपथेवर मी खोटं बोललो.

गल्लीतल्या त्या म्हाताऱ्याकडंही मी जाऊन आलो. दारातच उभं राहून सांगितलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "मग आम्ही उगं तीस वर्षं..." तुमच्याकडं दूध घेणं त्यानंही बंद केलं होतं. तो दार उघडंच ठेवून आत गेला. मी तसाच निघालो.

तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात, हे मी रोज मनात घोळवतो. कधी वाटतं हसला असतात, म्हणाला असतात, "बघा साब, शेवटी म्हशीचंच खरं झालं." कधी वाटतं, स्टो बंद केला असतात आणि मला उठायला सांगितलं असतंत. दोन्ही मला चाललं असतं. तुम्ही मला सोळा वर्षं बाक पुसून दिलात. आजारी पडलो तेव्हा नसरीनच्या हाती आल्याचा काढा पाठवलात. मी रोज समोर बसायचो ते का, हे ओळखूनही कधी तोंडावर बोलून दाखवलं नाहीत. हे सगळं तुम्ही का केलंत ते मला कळलेलं नाही. विचारायची हिंमत तुम्ही होतात तेव्हा झाली नाही.

पुढच्या आठवड्यात तुमच्या मयतीचा चाळिसावा दिवस आहे. त्याआधी हे छापायला द्यायचं म्हणून काल मी कागद घेऊन नसरीनकडं गेलो. तिनं उभ्यानंच वाचलं, सगळं, मग खाली बसून पुन्हा वाचलं. मग पेन मागितलं.

"चाचा, तीन ठिकाणी तुम्ही 'दोस्त' लिहिलंय. ते काढा."

मी विचारलं, का.

"अब्बा तुम्हाला शेवटपर्यंत साहेबच म्हणाले."

तो शब्द मी तिन्ही ठिकाणचा काढला आहे. तिथली वाक्यं थोडी लंगडी झाली आहेत. ती तशीच ठेवली.